नवऱ्याकडची भाची

४ ऑगस्ट, सोमवार

आज पुन्हा आमच्या ट्रेलरच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, कर्जवाल्या कंपनीला फोन केला. आधी बराच वेळ पिपाणी ऐकवली, मग एक पोरगी आली आणि शाळेतल्या बाईंसारखं मला समजावायला लागली. "मिसेस स्टब्स, कर्ज फिटेपर्यंत ट्रेलरची कागदपत्रं आमच्याकडेच राहणार. दुसऱ्याच्या नावावर करायचा असेल तर त्याची पत आम्हाला पसंत पडायला हवी."

मी म्हटलं, "चांगली माणसं आहेत. रोख कमावतात, रोख खर्च करतात, कुणाचं एक पैशाचं देणं नाही."

तर म्हणते, "देणंच नसेल तर पत कशी कळणार?"

घ्या! आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही म्हणून या लोकांना पत नाही. आणि जो सगळ्या गावाचं देणं लागतो त्याला पत! मी म्हटलं, तुमच्या कंपनीत डोकी ठेवायला जागा नाही का? ती पुढे काहीतरी "आणि तुमच्या खात्याबद्दल सांगायचं तर" असं म्हणत होती, पण मी फोन ठेवून दिला. माझा नवरा ड्यूई असता तर त्याने भिंतीवर आपटला असता. तो वसंतात गेला, म्हणून सगळ्यांना वाटतं व्हर्लीनला आता काहीही ऐकवलं तरी चालतं.

मी शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं काढली. शेकडो पोरांना रांगेत उभं करून जेवू घातलं. मला ओरडता येतं.

९ ऑगस्ट, शनिवार

ती दोघं ट्रेलर बघायला आली. मार्शल बेटांवरची आहेत, इथल्या अर्ध्या कोंबडी कारखान्यांत त्यांचीच माणसं आहेत. नवरा अँजो रात्रपाळीला असतो. फारसं बोलत नाही, कडेवरच्या पोरीच्या डोक्यात तोंड खुपसून हसतो. बायकोचं नाव लिजॉन. तिने दोघांचं बोलणं एकटीने करायचं असं लग्नातच ठरलं असावं.

पायऱ्यांवर चपला काढून आत आली. मग प्रत्येक नळ सोडून बघितला, प्रत्येक कपाट उघडलं, आणि न्हाणीघराच्या दारात चक्क उड्या मारल्या.

"इथे जमीन दबतेय," म्हणाली.

"ती पहिल्यापासून दबते," मी म्हटलं.

"मग किंमत पण जरा दबू दे."

काय आगाऊपणा! पण ड्यूईदेखील विकत घेताना तिथेच उड्या मारत होता, हे मला आठवलं. मी किंमत दाबली.

ठरलं ते असं. मी रँडलकडे, माझ्या मुलाकडे, राहायला जाते, कारण त्याची दोन पोरं सांभाळायला कुणीतरी हवंय. ही दोघं ट्रेलरमध्ये राहतील आणि दर महिन्याला हप्त्याचे पैसे देतील. ते कंपनीत भरायचे आपण. कर्ज फिटलं की घर त्यांचं. कंपनीला कळवायचं नाही, कारण कंपनीला डोकं नाही.

"आणि मध्येच तुमचं मन फिरलं तर?" लिजॉनने विचारलं.

"स्टब्स घराण्यात शब्द म्हणजे शब्द," मी म्हटलं. मला राग आला होता. असं विचारतात का कुणाला?

हात मिळवतोय तोच पर्विस आला. हा आमच्या पार्कचा मॅनेजर. पार्क म्हणजे चार गल्ल्या आणि पन्नासेक ट्रेलर, पण हा त्यात गोल्फची बॅटरीगाडी घेऊन जहागीरदारासारखा फिरतो. पार्कचा नियम असा की ट्रेलरमध्ये मालकाने राहावं, नाहीतर मालकाच्या घरच्यांनी. भाडेकरू चालत नाहीत.

"ही कोण मंडळी?" पर्विसने विचारलं.

"भाची," मी म्हटलं.

त्याने लिजॉनकडे बघितलं. तिचा सावळा रंग, कमरेपर्यंत काळे केस, कानामागे कापडाचं फूल. मग माझ्याकडे बघितलं. मला उन्हात पाच मिनिटं उभं केलं तर मी लॉबस्टरसारखी लाल होते.

"भाची?"

"नवऱ्याकडून," मी म्हटलं.

तेवढ्यात लिजॉन स्वयंपाकघराकडे वळून म्हणते, "मामी, यांना आइस टी देऊ का? साखर घालून पितात की आधीच गोड आहेत?"

तो न पिताच गेला. माझं हसू मी तो कोपऱ्यावर वळेपर्यंत दाबून ठेवलं.

१ सप्टेंबर, सोमवार

रँडलकडे बस्तान हलवलं. माझी खोली कपडे धुण्याच्या मशीनशेजारी आहे. खोली म्हणजे मशीनचीच, मी तिथे पाहुणी. ट्रिशा म्हणते, ड्रायर चालू असला की हिवाळ्यात हीटर लागणार नाही. सून विचारी आहे.

रँडल आज जाऊन त्यांच्याकडून पैसे घेऊन आला. ड्यूई गेल्यापासून हप्त्याचं तोच बघतो. मी म्हटलं, मी जाते की घ्यायला, तेवढीच चक्कर होईल. तर म्हणाला, "आई, ते सगळं कॉम्प्युटरवरून भरायचं असतं. तू कशाला त्यात पडतेस?" ट्रिशा माझी पत्रंही परस्पर बघते, मला कटकट नको म्हणून. दोघांनी मला बाहेर आइस्क्रीम खायला नेलं. पोरं चांगली आहेत, फक्त घाईत असतात.

२१ सप्टेंबर, रविवार

चर्चमधून येताना वाटेतच पडतं म्हणून ट्रेलरकडे डोकावले. चर्च गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, पण मी मोठ्या रस्त्याने येते.

बघते तर पायऱ्यांवर चपलांचा ढीग! मोठ्या, छोट्या, रबरी, बूट, एक तर नुसताच डावा. माझ्या पायऱ्यांवर! आत भाऊबंद बसलेले, सगळे एकदम "मामी आली" म्हणून उठले. म्हणजे माझं खोटं यांनी गावभर केलंय.

"मामी, चपला काढा," लिजॉन म्हणाली.

माझ्याच घरात मला! काढल्या. मोज्याला भोक होतं. कुणी बघितलं नाही असं दाखवलं, म्हणजे सगळ्यांनी बघितलं.

आणि स्वयंपाकघर! माझं तपकिरी स्वयंपाकघर या बाईने निळं केलंय. साधंसुधं निळं नाही, डोळ्यांत भरतं असं. "आमच्याकडे खाडीचं पाणी असं दिसतं," म्हणाली. मी म्हटलं, "आमच्याकडे खाडी नाही, आमच्याकडे अर्कान्सा आहे." तर सगळे हसले, आणि मला कोंबडी-भात वाढला. कोंबडी बरी होती. मीठ कमी.

डिसेंबर लागायच्या आत पोरीचा पहिला वाढदिवस आहे. रोझीना नाव तिचं. त्यांच्यात पहिला वाढदिवस लग्नापेक्षा मोठा. पूर्वी त्या बेटांवर सगळीच बाळं वर्षाची होत नसत, म्हणून जे झालं त्याचा सोहळा. लिजॉनने मोठा हॉल ठरवलाय, ओक्लाहोमाहून, अगदी हवाईहूनही माणसं येणार, डुकरं भाजणार. सगळे रांगेने गात येतात आणि बाळाच्या हातात काहीतरी ठेवतात.

"तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं, मामी," लिजॉन म्हणाली.

"बघू, जमलं तर," मी म्हटलं. येताना दुकानातून पिवळं कापड घेतलं. फ्रॉकला पुरेल.

१२ ऑक्टोबर, रविवार

रँडलने मासेमारीची बोट घेतली. लाल, चमकणारी, बाहेर अंगणात माझ्या गाडीच्या जागी उभी आहे. माझी गाडी आता रस्त्यावर असते. बोट स्वस्तात मिळाली म्हणतो. तिच्यावर 'मिस व्हर्लीन' असं नाव रंगवून घेणार आहे. मला भरून आलं. काम करून दमतो बिचारा, त्यालाही काही हौस हवीच.

नाव कधी रंगवणार विचारलं तर म्हणाला, बघू.

९ नोव्हेंबर, रविवार

मी आज इतकी संतापले आहे की पेन कागदात रुततंय.

जाताना वाटेत पडतं म्हणून गेले. पहिली गोष्ट, त्यांची गाडी नाही. विकली! चांगली चालती गाडी. अँजो आता चुलतभावाच्या गाडीत लटकून कारखान्यात जातो. का विकली विचारलं तर लिजॉन म्हणाली, "लागत होते पैसे." लागणारच. डुकरं भाजायची, हॉल घ्यायचे, अर्ध्या महासागराला जेवण घालायचं, मग काय होणार? हातात पैसा टिकत नाही या लोकांच्या. मी तिला तसं बोलले. तिने ऐकून घेतलं, उलट उत्तर दिलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हिच्या मनात काहीतरी आहे.

कारण मग पुढ्यात भात वाढता वाढता विचारते, "मामी, कंपनीला पैसे कोण भरतं?"

"रँडल."

तिने अँजोकडे बघितलं. अँजोने भाताकडे बघितलं.

"भरलेले तुम्ही स्वतः बघता का?"

मी चमचा खाली ठेवला. म्हटलं, "बाई गं, माझा मुलगा आहे तो. माझ्या नवऱ्याच्या हाताखाली वाढलाय. त्याच्यावर संशय घेणारी तू कोण? दोन महिने राहिलीस तर घरातली झालीस का?"

"नाही, सहज विचारलं," ती म्हणाली आणि मला आणखी एक तंगडी वाढली. मी खाल्ली नाही. अर्धीच खाल्ली.

घरी येऊन रँडलला सांगितलं. तो एकदम लाल झाला, म्हणाला, "आई, तू तिथे जातेस कशाला सारखी?" बरोबर आहे. त्यालाही लागलं असेल.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. पहाटेपासून खपून मी टर्की, रताळी, मक्याचा ब्रेड, दोन ॲपल-पाय केले. जेवून सगळे बोट दाखवायला ट्रिशाच्या भावाकडे गेले. गाडीत जागा नव्हती. भांडी घासली आणि फ्रॉकला काज-बटण केलं.

परवा रोझीनाचा वाढदिवस. अजून फोन नाही. त्या दिवशी जरा जास्तच बोलले का? पण खरं तेच बोलले.

२९ नोव्हेंबर, शनिवार

निळा चांगला ड्रेस घालून दुपारपासून बसले होते. फोन आला नाही. ट्रिशाने विचारलं, "कुठे निघालात?" म्हटलं, कुठे नाही, थंडी वाजत होती.

संध्याकाळी गाडी काढून त्या हॉलवरून गेले. हॉलला कुलूप. दिवा नाही, डुक्कर नाही, माणूस नाही. म्हणजे दुसरीकडे केला. मला कळू नये म्हणून दुसरीकडे केला! पहिल्या रांगेत बसायचं म्हणे. मामी म्हणे! नाटक सुरू करून दिलं मी, आणि खुळ्यासारखा विश्वास ठेवणारीही मीच.

फ्रॉक खणात खाली घातलाय.

६ डिसेंबर, शनिवार

चोर आहेत. सरळ सरळ चोर.

आज फ्रॉक दारात टाकून, एक शब्द न बोलता परत यायचं असं ठरवून गेले. घरी कुणी नव्हतं. आणि बघते तर घराखालची पत्र्याची झालर दोन्ही बाजूंनी काढून ठेवलेली. वाकून बघितलं. आत टायर! नवेकोरे काळे टायर. आम्ही घर आणलं तेव्हाचे टायर ड्यूईने काढून विकले होते, कारण तो म्हणाला होता, व्हर्लीन, हे घर आता कुठे जाणार नाही. आणि ओढायचा लोखंडी आकडा, जो ड्यूईने शेडमध्ये टाकला होता, तोही पुढे परत बसवलेला.

चाकांवरच्या घराला टायर कशाला लागतात हे मला कुणी सांगायला नको. ओढून न्यायला. ओक्लाहोमाला नाहीतर कुठे, त्यांच्या भाऊबंदांच्या रानात. म्हणून गाडी विकली, म्हणून वाढदिवसाला बोलावलं नाही, म्हणून "पैसे कोण भरतं" ते विचारलं! घर पळवायचं आणि कर्ज माझ्या गळ्यात!

तशीच पर्विसच्या ऑफिसात गेले. म्हटलं, "ती माझी भाची नाही. कुणाकडूनही नाही. भाडेकरू आहेत, आणि आता घर घेऊन पळतायत."

पर्विस मांजरासारखा खूश झाला. "मला वाटलंच होतं," म्हणाला. "आजच नोटीस लावतो. महिनाअखेरीला बाहेर."

"लवकर काढा," मी म्हटलं.

घरी येऊन रँडलला टायरचं सांगितलं. वाटलं होतं तो पेटून उठेल. तो नुसता खाली बसला. "टायर?" म्हणाला. "कधी बसवले?" मग उठून बाहेर बोटीपाशी गेला. माझ्यासारखाच, धक्का बसला की एकटा राहतो.

७ डिसेंबर, रविवार

कसं लिहू कळत नाही. जसं झालं तसं लिहिते.

चर्चला गेलेच नाही. सरळ ट्रेलरवर गेले, किल्ली मागायला. दारावर पर्विसची नोटीस चिकटवलेली होती. मी काही बोलायच्या आत लिजॉन म्हणाली, "मामी, चपला काढा." आणि सवयीने मी काढल्या.

"टायर कशाला बसवले?" मी उभ्यानेच विचारलं.

"आम्ही नाही बसवले. बसा."

"झालर कुणी काढली?"

"ती अँजोने काढली, काल. थंडीत नळ फुटू नयेत म्हणून पाइपांना गुंडाळायचं होतं. टायर कंपनीने बसवले."

"कुठल्या कंपनीने?"

"तुमच्या. नोव्हेंबर लागला तेव्हा दोन माणसं ट्रक घेऊन आली. खाली शिरली, टायर लावले, आकडा लावला. म्हणाली, ड्यूई गेल्यापासून हप्ते नाहीत, सोमवारी घर नेणार. आत पोरगी झोपली होती, मामी. मी म्हटलं, आम्ही तर दर महिन्याला देतोय. ते म्हणाले, आम्हाला नाही मिळाले."

मी खुर्चीत बसले. ती निळी भिंत माझ्यासमोर होती.

"मग?"

"मग काय. गाडी विकली. हॉलचे, डुकरांचे, सगळे पैसे परत घेतले. कंपनीत नेऊन भरले. आता दर महिन्याला आम्हीच तिकडे भरतो."

"आणि रँडलला?"

"त्यालाही देतो. मागायला येतो तो."

"दोनदा?" मी ओरडले. "एका घराचे दोनदा? वेडी आहेस का तू?"

"नाही दिले तर तो तुम्हाला सांगणार, यांनी दिले नाहीत. मग तुम्ही येऊन ओरडणार. मग मला सांगावं लागणार."

"मग सांगायचं! तोंडाला काय झालं होतं? एरवी तर बंद होत नाही!"

"आईला? तिच्या मुलाबद्दल?" लिजॉन म्हणाली. "आमच्यात नाही सांगत. एकदा विचारून बघितलं, तर तुम्ही कोंबडी टाकलीत."

अँजो कोपऱ्यातून पहिल्यांदा बोलला. "अर्धी," म्हणाला.

मला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि राग कुणाचा ते मला नक्की ठाऊक होतं, पण त्याच्यापर्यंत पोचायला अजून वेळ होता. मी म्हटलं, "माझ्यासाठी एवढं केलंत..."

"तुमच्यासाठी नाही केलं," ती फटकन म्हणाली. "स्वयंपाकघर मी रंगवलंय. ही भिंत दोनदा घासलीय. मी हे घर सोडणार नव्हते."

मग मला सांगावंच लागलं. म्हटलं, "लिजॉन, काल मी पर्विसकडे गेले होते. मीच सांगितलं त्याला."

"माहीत आहे," ती म्हणाली. "काल संध्याकाळी नोटीस लावताना तो सांगून गेला. मोठ्याने."

आणि हे माहीत असून तिने मला आत घेतलं, बसवलं. पुढ्यात भात ठेवला. मला वाटतं, तिने मला हाकलून दिलं असतं तर मी सुखाने घरी गेले असते.

८ डिसेंबर, सोमवार

सकाळी कंपनीला फोन केला. आज पिपाणी संपेपर्यंत थांबले आणि बाई काय बोलते ते शेवटपर्यंत ऐकलं. लिजॉनचा शब्द न् शब्द खरा. ऑगस्टमध्ये ती पोरगी हेच सांगणार होती. माझ्याच जिभेने मी तिला बोलू दिलं नाही.

मग रँडल. तो अंगणात बोटीवर ताडपत्री घालत होता.

"आई, मी परत भरणारच होतो."

"कधी?"

"बघू, जमलं की..."

"तुझ्या बापाच्या घराखाली परक्या माणसांनी टायर लावले, रँडल. पोरगी आत झोपली होती. आणि तू त्यांच्या दारात जाऊन, हात पुढे करून, त्यांच्याच तोंडचा घास महिन्याच्या महिन्याला घेऊन आलास. आणि त्यातून मला आइस्क्रीम खाऊ घातलंस! मी चाटून खाल्लं ते! मला आत्ता ते घशात लागतंय."

ट्रिशा दारातून म्हणाली, शेजारी ऐकतायत. म्हटलं, ऐकू देत, मी शाळेच्या खानावळीत ओरडायला शिकलेय, पुढच्या गल्लीत पण ऐकू गेलं पाहिजे. आणि म्हटलं, बोट विक. त्या पोरीच्या वाढदिवसाचे पैसे आहेत त्यात. माझं नाव तिच्यावर रंगवलं नाहीस ते बरं केलंस.

सामान फारसं नव्हतंच. मशीनवर ठेवलेलं माझं घड्याळ घेतलं आणि निघाले.

१० डिसेंबर, बुधवार

पर्विस बॅटरीगाडीतून उतरतो तोच मी दारात उभी.

"मिसेस स्टब्स, हे लोक महिनाअखेरीला..."

"कुठले लोक? मी मालकीण आहे, मी इथे राहते. नियम वाच. मालक राहत असेल तर त्याच्याकडे कोण यावं-जावं हे पार्कने बघायचं नाही."

"तुम्हीच म्हणालात भाची नाही."

"म्हणाले. म्हातारी बाई आहे, डोकं फिरलं होतं. नोटीस मी काढून चुलीत घातली. आणखी एक लावायची असेल तर जाड कागदाची लाव, थंडी आहे."

तो गेला. लिजॉन आतून म्हणाली, "चूल कुठे आहे आपल्याकडे?"

मला त्यांनी मागची छोटी खोली दिली. ती जागा आधी रोझीनाच्या खेळण्यांची होती, आता ती रोज सकाळी माझ्या पोटावर येऊन आपली खेळणी शोधते. भात रोज असतो. मीठ अजून कमीच असतं, पण मी आता मीठ स्वतः घालते. त्यावर आमचं रोज वाजतं.

२१ मार्च, शनिवार

बोटीचे पैसे रँडलने शेवटी आणून दिले. पायरीवर उभा राहून दिले, आत आला नाही. चपला काढ म्हटलं असतं तर आला असता का, माहीत नाही. मी म्हटलं नाही. अजून नाही.

रोझीनाचा पहिला वाढदिवस आज झाला. ती आता सोळा महिन्यांची आहे, पहिल्या वाढदिवसाला धावत आली आणि केकमध्ये हात घालून पळाली. पिवळा फ्रॉक तिला होईना. दोन्ही बाजूंनी उसवून, खाली पट्टी लावून बसवला, तरी मागून बटणं लागत नव्हती. मी म्हटलं, या मुलीला कोण एवढं खायला घालतं? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

हवाईची माणसं आली नाहीत, पण ओक्लाहोमाची आली. रांग हॉलच्या बाहेरपर्यंत गेली होती. मी पहिल्या रांगेत बसले होते. गाणं मला येत नाही, तरी तोंड हलवलं.

२ मे, शनिवार

काल कंपनीने लिजॉनचं नाव मंजूर केलं. थकलेलं सगळं तिने भरलं, पुढचेही वेळेवर भरले, तेव्हा आता म्हणे तिला पत आहे. एकाच घराचे दोनदा पैसे मोजल्यावर या देशात माणसाला पत येते, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मी सह्या केल्या. कर्ज तिचं, घर तिचं. 

आज पर्विस आला. नव्या मालकिणीकडून पार्कच्या नियमांवर सही घ्यायला. सगळे नियम मोठ्याने वाचले. मी पायऱ्यांवर, चपलांच्या ढिगाशेजारी बसून शेंगा सोलत होते. त्याला बघायचंच होतं मी तिथे आहे ते.

"एक राहिलं," तो म्हणाला, आणि इतक्या महिन्यांनी त्याच्या तोंडावर पुन्हा ते मांजराचं हसू आलं. "आता मालकीण तुम्ही. आणि पार्कमध्ये फक्त मालक आणि मालकाचे नातेवाईक राहू शकतात. तेव्हा या बाई तुमच्या कोण?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. हा विचार मी केलाच नव्हता. सह्या करताना केला नव्हता, खोली घेताना केला नव्हता. घर माझं असेपर्यंत सगळं माझ्या हातात होतं. आता ती 'कुणी नाही' म्हणाली, तर मला परत त्या मशीनशेजारी जायला लागणार होतं. आणि मी एकदा तिच्याबद्दल याच माणसाला, याच पार्कमध्ये, 'कुणाकडूनही नाही' म्हणाले होते.

लिजॉनने सही पुरी केली. पेनचं टोपण लावलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

"मामी आहे," म्हणाली. "नवऱ्याकडून."

पर्विस अँजोकडे बघायला लागला. अँजोने रोझीनाच्या डोक्यात तोंड खुपसलं.

तो गेल्यावर मी तिला चांगली फैलावर घेतली. म्हटलं, नवऱ्याकडून कशाला? सरळ स्वतःची मामी म्हणायला काय झालं होतं तुला?